काक्षी झाकण्याआधी लिओनाचं माप: एक प्रकरण अभ्यास

१२ डिसेंबर २०२३ ला मृग नक्षत्रातला काक्षी (बीटलज्यूस) हा तांबूस तारा काही सेकंदांसाठी मंदावणार, ही बातमी त्या वर्षी खगोलप्रेमींमध्ये कितीतरी महिने आधीपासून फिरत होती. आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक, आणि त्याच्यासमोरून लघुग्रह जाणार. असा योग फार क्वचित येतो. पण पिधानाचं, म्हणजे एका वस्तूने ताऱ्याला झाकण्याच्या घटना टिपण्याचं, काम ज्याला शिकायचंय त्याने डिसेंबरची रात्र तूर्त बाजूला ठेवून १३ सप्टेंबर २०२३ च्या घटनेकडे पाहावं, असं माझं मत आहे. त्या दिवशी हाच लघुग्रह, ३१९ लिओना, एका अशा ताऱ्यासमोरून गेला ज्याला धड नावही नाही. त्याची बातमी झाली नाही. २५ ठिकाणी दुर्बिणी लागल्या होत्या, त्यांतल्या १७ ठिकाणी तारा गायब झाल्याची नोंद झाली, आणि काक्षीच्या वेळी काय दिसेल यावर बोलायला पहिली भक्कम मापं हाती आली.

अडचण कुठे होती

पिधानाचं मूळ गणित शाळकरी आहे. तारा इतका दूर असतो की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतरच येतात असं मानता येतं. त्यामुळे मध्ये आलेल्या लघुग्रहाची पृथ्वीवर पडणारी सावली लघुग्रहाएवढीच रुंद असते. ती सावली जमिनीवरून सेकंदाला काही किलोमीटर वेगाने सरकत जाते. तुम्ही तिच्या वाटेत असाल तर तारा काही सेकंद दिसेनासा होतो. सावलीचा वेग कक्षेच्या गणितातून आधीच माहीत असतो. समजा तो सेकंदाला १२ किलोमीटर आहे आणि तारा ४ सेकंद गायब होता, तर तुमच्या जागेवरून लघुग्रहाचा ४८ किलोमीटर लांबीचा एक छेद मोजला गेला. याला जीवा म्हणतात. सावलीच्या पट्ट्यात आडवे पसरलेले निरीक्षक असतील तर प्रत्येकाची जीवा वेगळ्या जागी पडते, आणि सगळ्या एकाखाली एक मांडल्या की लघुग्रहाची बाह्यरेषा दिसायला लागते. एरवी दुर्बिणीत नुसता ठिपका दिसणाऱ्या वस्तूचा आकार काही किलोमीटरच्या अचूकतेने काढणं, तेही घरच्या दुर्बिणींतून, दुसऱ्या कुठल्या पद्धतीने जमत नाही.

लिओना १८९१ मध्ये फ्रान्समधल्या नीस इथून ऑग्युस्त शार्ल्वा यांनी शोधला. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यातल्या बाहेरच्या भागातला, काळपट पृष्ठभागाचा लघुग्रह. त्याच्या आकाराचे आधीचे अंदाज अवरक्त उपग्रहांच्या मोजणीवरून आलेले होते. त्या पद्धतीत लघुग्रहाची उष्णता मोजतात, तो साधारण गोल आहे असं धरतात आणि व्यास काढतात. लांबट वस्तूच्या बाबतीत हा आकडा कोणत्या दिवशी मोजलं त्यावरही बदलतो, म्हणून वेगवेगळ्या उपग्रहांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नव्हते. एरवी याने कुणाचं फारसं अडलं नसतं. काक्षीमुळे अडलं.

काक्षी हा महाराक्षसी तारा. आपल्यापासून काहीशे प्रकाशवर्षं दूर असूनही त्याची तबकडी सुमारे ४३ मिलिआर्कसेकंद रुंद दिसते (मिलिआर्कसेकंद हे कोनाचं माप, एका अंशाचा छत्तीस लाखावा भाग; तरंगलांबी बदलली की आकडाही बदलतो, पण हिशेबासाठी हा धरू). डिसेंबरमध्ये लिओना पृथ्वीपासून ढोबळमानाने २७ कोटी किलोमीटरवर असणार होता. त्या अंतरावर १ मिलिआर्कसेकंद म्हणजे साधारण १.३ किलोमीटर. म्हणजे काक्षीची तबकडी लिओनाच्या अंतरावर आणून ठेवली तर ती सुमारे ५६ किलोमीटर रुंद भरते. आता लिओना खरोखर ७० किलोमीटरचा असेल तर पट्ट्याच्या मधोमध काक्षी पूर्ण झाकला जाईल. ५० किलोमीटरचा असेल तर मध्यभागीसुद्धा कडेने प्रकाशाचं कडं उरेल. खग्रास की कंकणाकृती, हे पाच-दहा किलोमीटरच्या फरकावर ठरणार होतं, आणि हाती असलेल्या मापांत अनिश्चितता त्याहून मोठी होती.

यात खगोलशास्त्रज्ञांचा स्वार्थ असा की काक्षीसमोरून जाणारी लघुग्रहाची कड ही ताऱ्याच्या तबकडीवरून सरकणारी पट्टी असते. कोणत्या क्षणी किती प्रकाश कमी झाला यावरून तबकडीचा कोणता भाग जास्त तेजस्वी, कोणता कमी, हे काढता येतं. २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला हाच तारा आश्चर्यकारकरीत्या मंदावला होता, त्यामुळे त्याच्या पृष्ठभागात रस असणारे बरेच होते. पण सरकणाऱ्या पट्टीची कड कशी आहे हेच माहीत नसेल तर मोजलेल्या प्रकाशातून ताऱ्याबद्दल काही काढणं म्हणजे एका समीकरणात दोन अज्ञातं. म्हणून पट्टी आधी स्वतंत्रपणे मोजायला हवी होती.

नाव नसलेला तारा का चांगला

स्पेनमधल्या ग्रनाडातल्या अंदालुसिया खगोलभौतिकी संस्थेतल्या होसे लुइस ऑर्तिस यांच्या गटाने सप्टेंबरची मोहीम बांधली, आणि तिच्यात व्यावसायिक वेधशाळांच्या जोडीला हौशी निरीक्षक होते. ताऱ्याची निवड नशिबावर असते. लिओना ज्या ताऱ्यासमोरून जाईल तो जाईल. तरी हा तारा दोन कारणांसाठी काक्षीपेक्षा सरस ठरला.

पहिलं कारण जागेचं. फिकट ताऱ्यांच्या जागा गाया या अंतराळ दुर्बिणीने कमालीच्या अचूकतेने मोजून ठेवल्या आहेत. २०१८ मध्ये तिची दुसरी सूची आली तेव्हापासून लघुग्रह पिधानाची भाकितं खऱ्या अर्थाने भरवशाची झाली. त्याआधी सावलीचा पट्टा भाकितापेक्षा स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला जाणं ही नेहमीची गोष्ट होती आणि माणसं थंडीत उभी राहून रिकाम्या हाताने परत यायची. गंमत अशी की काक्षी गायाच्या मोजणीसाठी फारच तेजस्वी आहे. त्याची जागा हिप्पार्कस उपग्रहाच्या जुन्या नोंदी आणि रेडिओ दुर्बिणींची मोजमापं यांच्यावरून काढावी लागते. त्यात आणखी एक मेख म्हणजे त्याच्या पृष्ठभागावरचे प्रचंड उसळते भाग बदलत राहतात, त्यामुळे प्रकाशाचा मध्यबिंदूही तबकडीच्या मध्यावर टिकून राहत नाही. आकाशातला इतका ठळक तारा, आणि नेमका कुठे आहे ते एखाद्या बाराव्या प्रतीच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, ताऱ्याइतकंही खात्रीने सांगता येत नाही.

दुसरं कारण आकाराचं. फिकट, दूरचा तारा इतका लहान दिसतो की लिओनाची कड त्याच्यावर आली की तो जवळजवळ एका झटक्यात जातो. प्रकाशवक्रात (वेळेनुसार तेजाच्या आलेखात) सरळ कडा पडतो, तसाच परत येतानाही. त्या कड्याची वेळ नेमकी काढता येते. काक्षीच्या बाबतीत मात्र ५६ किलोमीटरची तबकडी झाकली जायलाच सेकंदाला १२ किलोमीटर वेगाने साडेचार सेकंदांहून जास्त लागतात. प्रकाश उतारावरून उतरावा तसा उतरतो आणि लघुग्रहाची कड नेमकी कुठे होती हे त्यातून सरळ वाचता येत नाही.

टेबलावर काय घडतं

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं की सगळी करामत दुर्बिणीची. तसं नाही. मध्यम आकाराची दुर्बीण पुरते. खरी कसोटी घड्याळाची असते. जुन्या काळी माणूस डोळा लावून बसायचा, तारा गेला की ध्वनिफितीवर ओरडायचा आणि मागे रेडिओवरचे वेळेचे टोले रेकॉर्ड होत राहायचे. माणसाची प्रतिक्रिया यायला पाव ते अर्धा सेकंद सहज जातो, आणि तो दर वेळी सारखा नसतो. १२ किलोमीटर वेगाने ही ३ ते ६ किलोमीटरची चूक झाली. (प्रकाशविद्युत उपकरणाने लघुग्रह पिधान नोंदवल्याचं अगदी सुरुवातीचं उदाहरण नैनितालचं आहे: २ ऑक्टोबर १९६१, पॅलस.) आता व्हिडिओ कॅमेरा असतो आणि प्रत्येक फ्रेमवर जीपीएस उपग्रहांवरून आलेली वेळ उमटते. सेकंदाला २५ फ्रेम घेतल्या तर एका फ्रेममध्ये सावली अर्धा किलोमीटरदेखील सरकत नाही.

मात्र तारा फिकट असला की २५ फ्रेम परवडत नाहीत. गोंगाटात तारा हरवतो. मग एक्स्पोजर वाढवावं लागतं, आणि इथे निरीक्षकाचा खरा निर्णय असतो. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर म्हणजे एका फ्रेममध्ये सावली ६ किलोमीटर पुढे गेली. घाबरून फारच लहान एक्स्पोजर ठेवलं तर तारा गेला का होता तिथेच होता हेच कळत नाही. फार मोठं ठेवलं तर गेला हे कळतं, कधी ते कळत नाही.

पण इथे एक सुंदर युक्ती आहे. उदाहरण घेऊ. फ्रेम १८३ मध्ये तारा पूर्ण तेजात आहे. फ्रेम १८५ मध्ये ताऱ्याच्या जागी फक्त लघुग्रहाचा स्वतःचा मंद प्रकाश उरलाय. मधल्या फ्रेम १८४ मध्ये तेज ना इकडचं ना तिकडचं, दोन पातळ्यांच्या मधल्या अंतरात खालून तीस टक्क्यांवर आहे. याचा अर्थ त्या अर्ध्या सेकंदाच्या एक्स्पोजरमधला पहिला तीस टक्के वेळ तारा होता आणि उरलेला वेळ नव्हता. म्हणजे फ्रेम सुरू झाल्यावर ०.१५ सेकंदांनी तारा गेला. फ्रेमपेक्षा बारीक वेळ अशी निघते. अर्थात कॅमेऱ्याचा गॅमा (तेज कमीजास्त करून दाखवणारी सोय) बंद असला पाहिजे, तारा संपृक्त झालेला, म्हणजे कॅमेऱ्याच्या मोजण्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला, नसला पाहिजे आणि फ्रेमवर छापलेली वेळ एक्स्पोजरच्या सुरुवातीची आहे की शेवटची हे पक्कं माहीत असलं पाहिजे. या शेवटच्या गोष्टीत अनेक जण घसरतात. प्रत्येक कॅमेऱ्याचा आतला विलंब वेगळा असतो, काहींत चित्राच्या वरच्या ओळी आधी आणि खालच्या नंतर वाचल्या जातात. तारा चित्रात कुठे होता यावरसुद्धा वेळ बदलते. लॅपटॉपच्या घड्याळावर विसंबून काढलेली वेळ तर विश्लेषण करणारे फार जपून वापरतात, आणि बरोबरच करतात.

टँग्रा किंवा पायमूव्हीसारख्या संगणक प्रणालीत व्हिडिओ टाकला की शेजारच्या एखाद्या स्थिर ताऱ्याशी तुलना करत प्रत्येक फ्रेमचं तेज काढता येतं. शेजारचा तारा त्याच क्षणी मंदावला असेल तर ते ढगाचं काम. एकटा लक्ष्य-तारा गेला असेल तर लघुग्रहाचं. हा तुलनेचा तारा चित्रात न घेता केलेलं निरीक्षण माझ्या लेखी अर्धंच.

जागा हा दुसरा आकडा. निरीक्षक नेमका कुठे उभा होता हे अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची यांसह लिहायचं. उंची लोक विसरतात. तारा क्षितिजाकडे झुकलेला असेल तर हजार मीटर उंचीने सावलीचा छेद चांगलाच सरकतो.

आणि माणसं कुठे उभी करायची? सगळ्यांना पट्ट्याच्या मधोमध जायचं असतं, कारण तिथे तारा सर्वांत जास्त वेळ गायब राहतो आणि नोंद मिळण्याची शक्यता सर्वाधिक. मोहिमेच्या दृष्टीने हे वाईट. एकमेकांपासून दोन किलोमीटरवर उभ्या दहा जणांकडून जवळजवळ एकच जीवा दहा वेळा मिळते. लघुग्रहाची वरची आणि खालची टोकं कुठे संपतात हे मात्र पट्ट्याच्या कडेला, किंबहुना कडेच्या किंचित बाहेर उभा राहिलेला माणूस सांगतो. त्याला बहुधा काहीच दिसत नाही. तारा तसाच लुकलुकत राहतो. पण त्याची ‘काही झालं नाही’ ही नोंद बाह्यरेषेला कुंपण घालते: लिओना इथवर पोचत नाही. ऑकल्टवॉचरसारख्या प्रणालीत प्रत्येकाची नियोजित जागा इतरांना दिसते ती यासाठीच, की रिकाम्या फटीत जाऊन उभं राहता यावं.

ढगांमुळे काही दिसलं नाही, आणि निरभ्र आकाशात तारा झाकला गेला नाही, या दोन नोंदी एकमेकींपासून काटेकोर वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिलीत माहिती शून्य आहे. २० मार्च २०१४ ला १६३ एरिगॉन हा लघुग्रह मघा ताऱ्यासमोरून गेला, पट्टा न्यूयॉर्क आणि ओंटारिओवरून होता, प्रचंड तयारी झाली होती, आणि ढगांनी सगळ्यावर पाणी फिरवलं. त्या रात्रीतून एरिगॉनबद्दल काहीही कळलं नाही, अगदी उलट दिशेनेही नाही.

सतरा जीवांनी काय सांगितलं

लंबवर्तुळ ठरवायला पाच संख्या लागतात: केंद्राच्या दोन, अक्षांच्या दोन, कलाची एक. प्रत्येक जीवा दोन टोकं देते, म्हणजे तीन जीवांत किमान गरज भागते. १७ जीवा म्हणजे ३४ टोकं. इथे पाच अज्ञातांसाठी भरपूर आधार आहे, आणि कुणाची वेळ चुकली असेल तर तो बाकीच्यांच्या रांगेत लगेच उठून दिसतो. जास्त जीवांचा हा फायदा मला अचूकतेहूनही मोठा वाटतो, कारण एकट्या जीवेचा खोटेपणा पकडायला दुसरं कुणी नसतं.

निघालेलं लंबवर्तुळ ७९.६ बाय ५४.८ किलोमीटर. लांब अक्षात अनिश्चितता २.२ किलोमीटरची, आखूड अक्षात १.३ ची. तेवढ्याच क्षेत्रफळाचं वर्तुळ काढलं तर त्याचा व्यास ६६ किलोमीटर (७९.६ गुणिले ५४.८ चं वर्गमूळ काढून पाहा). लिओना गोल नाही, चांगलाच लांबट आहे, हे या एका घटनेतून ठामपणे समोर आलं.

आता वरचा हिशेब आठवा. काक्षीची तबकडी लिओनाच्या अंतरावर ५६ किलोमीटर, लिओनाचा आखूड अक्ष ५५ च्या आसपास. खग्रास की कंकणाकृती हा प्रश्न सुटला नाही. तो अधिक टोकदार झाला. लांब अक्षाच्या दिशेने लिओना काक्षीला सहज पुरून उरतो, आखूड दिशेने जेमतेम. म्हणजे डिसेंबरमध्ये काक्षी पूर्ण विझण्याऐवजी कडेच्या एक-दोन फटींतून डोकावत राहण्याची शक्यता खरीखुरी होती. ६६ या सरासरी आकड्यावर थांबलेल्याला हे दिसलं नसतं. ६६ म्हटलं की खग्रासच वाटतं.

या मापांसोबत लिओनाची त्या क्षणाची अचूक जागाही मिळाली. पिधानातून लघुग्रहाची जागा त्या ताऱ्याच्या गायामधल्या जागेला बांधली जाते, आणि साध्या दुर्बिणीतून फोटो काढून मिळते त्याहून ती कितीतरी नेमकी असते. ती कक्षेच्या गणितात घातल्यावर डिसेंबरच्या पट्ट्यातली लिओनाकडून येणारी चूक लहान झाली. उरली ती काक्षीच्या जागेची. काही मिलिआर्कसेकंद म्हणजे काही किलोमीटर, आणि ते कमी करणं कुठल्याही निरीक्षकाच्या हातात नव्हतं.

सप्टेंबरच्या मापांना एक मर्यादा होती आणि ती सहज विसरली जाते. ७९.६ बाय ५४.८ ही १३ सप्टेंबरला पृथ्वीच्या दिशेने दिसलेली छायाकृती आहे, लिओनाचा संपूर्ण आकार नाही. लिओना फार सावकाश फिरतो, त्याच्या तेजातला मुख्य चढउतार सुमारे ४३० तासांचा आहे. वर तो एका स्थिर आसाभोवती न फिरता डोलत गडगडतो, त्यामुळे दुसराही एक, हजार तासांहून मोठा आवर्तकाल त्यात मिसळलेला आहे. अशा वस्तूची तीन महिन्यांनंतर कुठली बाजू आपल्याकडे असेल हे सांगायला तेजाच्या नोंदी सतत घेत राहाव्या लागतात. इथेही हौशी निरीक्षकच उपयोगी पडतात, कारण इतक्या सावकाश फिरणाऱ्या लघुग्रहासाठी मोठ्या दुर्बिणीवर आठवडेच्या आठवडे वेळ कुणी देत नाही.

डिसेंबर

१२ डिसेंबरला जागतिक वेळेनुसार रात्री एकनंतरच्या वीसेक मिनिटांत सावली मध्य आशियाकडून तुर्कस्तान, ग्रीस, इटली, स्पेन, पोर्तुगाल असा प्रवास करत अटलांटिक ओलांडून फ्लोरिडा आणि मेक्सिकोकडे गेली. सप्टेंबरची तयारी इथे तांत्रिक बाबतीत उलटी करावी लागली. तिथे तारा दिसावा म्हणून एक्स्पोजर वाढवायचं होतं. इथे काक्षी कॅमेरा संपृक्त करणार म्हणून ते काही मिलिसेकंदांवर आणायचं, गाळणी लावायची, गरज पडली तर दुर्बिणीचं तोंड झाकून लहान करायचं. पण तोंड लहान केलं की वातावरणामुळे होणारी लुकलुक वाढते, आणि हळूहळू उतरणारं तेज मोजायचं असताना लुकलुक हीच मुख्य शत्रू. म्हणून तोंड मोठं ठेवून अरुंद पट्ट्याची गाळणी लावणं हा जास्त शहाणपणाचा मार्ग. गाळणीचा दुसरा फायदा असा की काक्षी वेगवेगळ्या तरंगलांबींत वेगवेगळ्या आकाराचा दिसतो. गाळणी न लावता घेतलेल्या नोंदीत ते सगळे आकार एकत्र कालवलेले असतात.

बऱ्याच जागी ढग आले. जिथे आकाश मोकळं होतं तिथल्या व्हिडिओंत काक्षी स्पष्ट मंदावला, पण पूर्ण विझला नाही. दिवा बंद व्हावा तशा क्षणाची वाट पाहणाऱ्यांची थोडी निराशा झाली असेल. विश्लेषण करणाऱ्यांच्या दृष्टीने ती नोंद जास्त बोलकी: पूर्ण विझलेला तारा त्या वेळापुरतं काहीच सांगत नाही, अर्धवट झाकलेल्याचं तेज प्रत्येक फ्रेमला तबकडीचा वेगळा तुकडा दाखवतं. तो तुकडा कुठला आणि केवढा हे ठरवताना लिओनाची कड सप्टेंबरच्या ३४ टोकांवरून घ्यावी लागते आणि ती डिसेंबरपर्यंत किती वळली याची दुरुस्ती तेजाच्या नोंदींवरून करावी लागते.